दुबईत उतरल्यावर पहिले साठ दिवस: कोणतं काम आधी, कोणतं नंतर?

रत्नागिरी-रायगडकडे असा मोहल्ला सापडणं कठीण, जिथलं कुणीच आखातात नाही. शाळेत जुनी मुलं दाखल्याची दुसरी प्रत मागायला येतात, तेव्हाच आम्हाला कळतं की ह्याचाही व्हिसा आला. गेल्या सुट्टीत असाच एक माजी विद्यार्थी आला. दुबईत नोकरी लागून वर्ष झालं होतं, पण बायकोला बोलवायची फाइल अडकली होती. कारण काय, तर शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’ एका स्पेलिंगने, पासपोर्टवर दुसऱ्या आणि निकाहनाम्यावर ‘मो.’ एवढंच. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधलं नाव आम्ही आपल्या मर्जीने बदलू शकत नाही. बिचारा सगळी सुट्टी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून परत गेला.

म्हणून हा लेख. इथे संयुक्त अरब अमिरातीचा, म्हणजे यूएईचा विचार केला आहे.

निघण्यापूर्वी

पासपोर्ट, दाखला, विवाह नोंदणी आणि मुलांचे जन्मदाखले समोर ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा. तिकडे फक्त निकाहनाम्यावर भागत नाही. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून घ्या. त्यावर साधारण चार ठिकाणी मोहोर लागते: राज्य शासन, भारताचं परराष्ट्र मंत्रालय, यूएईची वकिलात आणि शेवटी तिकडचं परराष्ट्र मंत्रालय. हे काम इथे असतानाच सुरू करा. तिकडून भावाला फोन करून करून ते होत नाही.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं. अशांना नोकरीसाठी आखातात जाताना सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून मंजुरी आणि प्रवासी भारतीय विमा घ्यावाच लागतो. एजंट म्हणाला, ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बघू’, तर सरळ नाही म्हणा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे गुन्हा आहे, आणि पगार बुडाला तर दाद मागायला हातात कागदही नसतो.

उतरल्यावरचा क्रम

नोकरीच्या एंट्री परमिटवर उतरलात की रहिवासाची सगळी कामं साठ दिवसांत संपवायची असतात. क्रम असा:

१. वैद्यकीय तपासणी. रक्त तपासतात आणि छातीचा एक्स-रे काढतात. क्षयरोग आणि एचआयव्ही यांवर विशेष नजर असते.

२. एमिरेट्स आयडी. बोटांचे ठसे द्यावे लागतात. ७८४ ने सुरू होणारा १५ अंकी नंबर मिळतो. २०२२ पासून पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागत नाही, हेच कार्ड रहिवासाचा पुरावा. बँक, सिम, दवाखाना, सगळीकडे हेच मागतात. त्याची फोटोप्रत घरी पाठवून ठेवा.

३. कामाचा करार. इथे सही केलेलं ऑफर लेटर आणि तिकडच्या कामगार मंत्रालयात नोंदलेला करार एकच आहे का, ते बघा. विशेषतः मूळ पगाराचा आकडा वाचा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावरच मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. एकूण पगार मोठा आणि मूळ पगार नावापुरता असेल, तर नुकसान तुमचंच.

४. बँक खातं. पगार सरकारच्या नोंदीत दिसेल असा खात्यावरच यायला हवा. व्याज टाळायचं असेल तर इस्लामी बँकांचा पर्याय आहे. क्रेडिट कार्ड द्यायला लोक पहिल्याच महिन्यात मागे लागतात, घेऊ नका. कर्ज थकलं की देश सोडण्यावर बंदी येऊ शकते.

५. बेरोजगारी विमा. २०२३ पासून सक्तीचा आहे. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला फक्त ५ दिरहम. न काढल्यास दंड ४०० दिरहम. अनेक जण हाच विसरतात.

हक्क काय?

यूएईचा २०२१ चा कामगार कायदा स्पष्ट आहे: मालक तुमचा पासपोर्ट अडकवून ठेवू शकत नाही आणि भरतीचा खर्च तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नसतं. ‘सगळेच पासपोर्ट देतात, तूही दे’ असं सोबतचे म्हणतील. अदबीने, पण ठामपणे नकार द्या. अडचण आली तर दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत नंबर ८०० ४६३४२ आहे.

कुटुंब नेताना

किमान पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि मालकाने दिलेली राहायची सोय, अशी अट असते. दुबईत भाडेकराराची ‘इजारी’ नोंद लागते. वीज-पाण्याच्या जोडणीला फ्लॅटसाठी २,००० दिरहम अनामत भरावी लागते. भाडं ठरवताना हे पैसे आधीच बाजूला काढा, नाहीतर पहिल्या महिन्यातच उसनवारी सुरू होते.

इथलं खातं

परदेशी रहिवासी झाल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्या आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं उघडा.

ही कागदं म्हणजे नुसती कटकट नाही. परक्या मुलखात तुमच्या बाजूने बोलणारं तेवढंच असतं. एक फाइल अम्मीकडे, एक स्वतःकडे आणि फोटो मोबाइलमध्ये, एवढी सवय लावा. घरात दहावीचा फॉर्म भरणारं कुणी असेल, तर आज रात्रीच त्याच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी, जन्मदाखल्याशी ताडून बघा. आत्ता दुरुस्त होतं, पुढे फार जड जातं.

अल्लाह सगळ्यांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.