चिंचेने घासलेली शिवराई

लहानपणी मी एक 'पराक्रम' केला होता. आजीच्या देव्हाऱ्यात तांब्याची एक काळपट शिवराई असे. दिवाळीच्या आदल्या दिवशी पूजेची भांडी घासताना मी तिलाही चिंच-मीठ लावून खसाखसा घासलं. शिवराई लखलखली! आजी खूश, मीही खूश. पण दिवाळीत नाणी जमवणारे एक काका घरी आले आणि नाणं हातात घेताच त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "अरे, हिचं वयच पुसून टाकलंस की रे!"

काकांचं खरं होतं. तांब्यावर वर्षानुवर्षं चढणारा गुळगुळीत, तपकिरी-हिरवट थर म्हणजे मळ नव्हे. तो नाण्याच्या जुनेपणाची साक्ष देतो. चिंचेतलं आम्ल तो थर खातं आणि घासण्याने अक्षरं झिजतात. म्हणून घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.

मग माती लागली असेल तर? बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात नाणं दिवसभर भिजू द्या. मऊ कापडाने नुसतं टिपा, चोळू नका. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर मात्र ते इतर नाण्यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. आणि हो, नाणं नेहमी कडेने धरायचं, बरं का!

आता ओळख. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असतं. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अक्षरं बरेचदा अर्धवटच उमटतात. पण 'शिव' वाचून लगेच हुरळून जाऊ नका! याच अक्षरांच्या शिवराया महाराजांनंतर, अगदी पेशवाईतही पाडल्या जात होत्या. 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा दिसल्या, तर ती 'दुदांडी' शिवराई, म्हणजे नंतरच्या काळातली.

खरं-खोटं कसं पारखायचं? व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया घ्या. त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. वापराने थोडं घटेल, पण फार कमी भरलं तर संशय घ्या. लोहचुंबकाला चिकटला, तर तो चांदीचा नाहीच. १८७६ पर्यंतच्या रुपयावर 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. १८९० च्या रुपयावर 'क्वीन' दिसलं, की समजा डाळ शिजली नाही! कडेवर सांधा किंवा अंगावर बारीक छिद्रं असतील, तर नाणं बहुधा साच्यात ओतलेलं.

जत्रेत राम-सीतेचं चित्र आणि 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असं लिहिलेलं 'नाणं' कुणी हजारो रुपयांना दाखवलं, तर हसून पुढे चला. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही.

सुरुवात खिशातल्या नाण्यापासून करा. सालाखाली चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता टाकसाळ!

आजीची ती शिवराई आता माझ्याकडे आहे. तिच्यावर पुन्हा हळूहळू तपकिरी छटा चढते आहे. मी ती नुसती बघतो. घासत नाही!