चाकांवरची घरे : जुनी आणि नवी

मनुष्यास घर हवे असते आणि प्रवासही हवा असतो. ह्या दोन इच्छांचा मेळ बसणे कठीण. कारण घर म्हटले की स्थिरता आली, व प्रवास म्हटला की घराचा वियोग आला. ह्या अडचणीवर त्याने काढलेली एक युक्ती म्हणजे चाकांवरचे घर होय. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यामुळे बिछाना, स्वयंपाकाची सोय व स्नानगृह असलेल्या मोटारींचे नाव आपल्याकडेही कानी पडू लागले आहे. परंतु ज्या इंग्लंड-अमेरिकेत ह्या वाहनांचा प्रसार फार झाला, तेथे एक नवल दृष्टीस पडते. सर्व सुखांनी भरलेली नवी मोटारघरे बाजारात असताना कित्येक लोक साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, मोटारीच्या मागे जोडून ओढावयाची लहानशी घरे शोधून काढतात, ती आपल्या हातांनी दुरुस्त करतात आणि त्यांतूनच प्रवासाला निघतात. असे का व्हावे, ह्याचा विचार करणे मनोरंजक आहे व बोधप्रदही आहे.

हा विचार समजण्यास परदेशी जाण्याचीही गरज नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यातील वृद्ध माणसांना दमणी ठाऊक असेल. दमणी म्हणजे वर छत असलेली हलकी बैलगाडी. खिल्लारी बैलांची जोडी जुंपून कुटुंबेच्या कुटुंबे गड्ड्याच्या यात्रेला किंवा पंढरपूरला जात. तळाशी कडबा पसरलेला, त्यावर घोंगडी. तोच बैलांचा चारा व तेच माणसांचे अंथरूण. विहीर दिसली की गाडी सोडावी, तीन दगडांची चूल मांडावी, आणि रात्री गाडीच्या आडोशाला निजावे. मिशनरी मंडळीही पूर्वी हिवाळ्यात तंबू व भांडीकुंडी बैलगाड्यांवर लादून खेडोपाडी दौरे काढीत.

ह्या गाडीचा मोठा गुण असा की, ती मोडली तरी वाटेवरच्या गावात दुरुस्त होई. बाभळीचे लाकूड, एक सुतार व एक लोहार एवढे मिळाले म्हणजे पुरे. चाक खिळखिळे झाले असता लोहार लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करी, ती प्रसरण पावली की चाकावर चढवी व लगेच पाणी ओती. थंड होताना धाव आकसे आणि सगळे चाक आवळून धरी. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हा शाळेत शिकविला जाणारा नियम अक्षरशत्रू गाडीवानही डोळ्यांनी पाहत असे.

पाश्चात्य देशांत केवळ आनंदासाठी बांधलेल्या फिरत्या घराचा एक प्रसिद्ध आरंभ १८८५ सालचा आहे. आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स ह्यांनी ब्रिस्टल येथील कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधवून घेतली. तिचे वजन सुमारे दोन टन होते व ती दोन घोडे ओढीत. तीतून त्यांनी केलेल्या तेराशे मैलांच्या प्रवासाचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. पुढे घोड्याची जागा मोटारीने घेतली. अमेरिकेत वॉली बायम ह्या गृहस्थाच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ साली ‘क्लिपर’ नावाचे घर विकावयास काढले. विमानाप्रमाणे ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडून त्याचे अंग केलेले होते, व वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून ते गोलसर ठेविलेले होते. अशी रुपेरी घरे मोटारींना जोडून बायम व त्याचे सोबती १९५९-६० साली केपटाऊनहून निघून थेट कैरोपर्यंत गेले.

ह्या घरांचे व आपल्या बैलगाडीचे नाते किती जवळचे आहे पाहा. गाडीत मागच्या बाजूला जड माल भरला तर ती उलळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. फारच पुढे भरला तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जाणता गाडीवान पुढच्या बाजूस किंचित अधिक वजन राहील असा माल लावतो. मोटारीच्या मागे जोडलेल्या घरालाही हाच नियम लागू आहे. त्याचा भार मागे झुकला तर वेगात ते शेपटीसारखे डावीउजवीकडे झोके घेऊ लागते, व त्यातून मोठा अपघात होऊ शकतो.

जुन्या घराचा मोह पडतो तो ह्यामुळेच. त्यात राहणाऱ्यास ते समजून घ्यावे लागते. कोठे खिळा सैल झाला, कोठे छत गळते, काय कोठे ठेवावे, हे त्याला स्वतः पाहावे लागते, आणि जी वस्तू आपण समजून घेतली ती आपल्याला प्रिय होते. शिवाय जागा थोडी असल्यामुळे निवड करावी लागते. दोन भांडी पुरत असता दहा नेता येत नाहीत. घर लहान म्हणून माणसे दिवसभर बाहेर राहतात. झाडाखाली स्वयंपाक करतात, शेजारी उतरलेल्या पांथस्थाशी बोलतात. मुक्कामी पोहोचल्यावर घर सोडून ठेवून मोटार मोकळी करता येते, हाही एक लाभ आहे.

ह्याच्या उलट नव्या मोटारघरात घर व मोटार एकच असतात. त्यात थंड हवेचे यंत्र, विजेचा साठा, न्हाणीघर, शौचकूप, आणि काहींत तर मुक्कामी बाहेर सरकून खोली रुंद करणाऱ्या भिंतीही असतात. हे सर्व व्यर्थ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. वृद्ध मातापित्यांना, आजारी माणसाला किंवा लहान मुले बरोबर असलेल्या स्त्रीला वाटेत स्वच्छ शौचकूप मिळणे ही चैन नव्हे, ती गरज होय. दमणीच्या काळी स्त्रियांना ह्या बाबतीत किती हाल सोसावे लागत, हे जुन्याचे गोडवे गाणारे सोयीस्करपणे विसरतात.

तथापि प्रत्येक सुखाची किंमत असते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे दोनशे लिटर पाणी बरोबर घेतले की दोनशे किलो ओझे वाढले. ओझे वाढले की इंधन अधिक जळते, व रस्ता रुंद लागतो. मैलापाणी योग्य ठिकाणीच रिकामे करावे लागते. आणि इंजिन बिघडले तर मोटारीबरोबर घरही कारखान्यात जाऊन पडते!

तेव्हा जुने चांगले की नवे, असा प्रश्न विचारण्यापेक्षा आपल्याला खरी गरज कशाची आहे, हे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरेल. गरजेपुरती सोय प्रवास सुखकर करते. गरजेपलीकडची सोय माणसाला खिडकीच्या आत कोंडून ठेवते.

शेवटी एक गोष्ट विद्यार्थिमित्रांनी विसरू नये. साधेपणाने राहण्यात गोडी आहे, परंतु ती ज्याला निवड करता येते त्यालाच. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड व इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडणी कामगार आपल्या साखर कारखान्यांकडे येतात. कित्येकांचा सारा संसार बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असतो. गळिताचा हंगाम संपेपर्यंत पाचटाची कोपी हेच त्यांचे घर. त्यांच्या मुलांची शाळा मध्येच सुटते. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, तरी सर्वच मुले तेथवर पोहोचत नाहीत. चाकांवरचा हा संसार हौसेचा नव्हे.

आब्राहाम तंबूत राहणारा होता. भर उन्हात तीन अनोळखी पांथस्थ दिसताच तो तंबूच्या दारातून धावत सामोरा गेला व त्याने त्यांना पाणी व अन्न दिले. आपले घर दगडाचे असो, पत्र्याचे असो की चाकांवरचे असो, रस्त्याने जाणाऱ्या थकल्या माणसाला पाहून त्याचे दार उघडते की नाही, ह्यावरूनच त्याची योग्यता ठरावयाची. येत्या हंगामात उसाच्या गाड्या आपल्या दारावरून जातील, तेव्हा त्यांवर बसलेल्या आपल्याच वयाच्या मुलांकडे अवश्य पाहा.