पाच मिनिटांनंतरचा मेंदू

आकडी येते कशी, यापेक्षा ती थांबते कशी हे जास्त थक्क करणारं आहे. फिट आली की मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात पेटून उठतात. तरीही बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत सगळं शांत होतं. मेंदू स्वतःच 'गाबा' नावाचं रसायन सोडतो आणि तेच ब्रेकचं काम करतं. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना लहानपणी तापात झटके येतात. त्यातली बहुतेक मुलं पुढे ठणठणीत असतात.

झटका पाच मिनिटांवर गेला, की मात्र मेंदूत विलक्षण उलथापालथ सुरू होते. गाबा पकडणारे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावर असतात. पेशी ते एकेक करून आत ओढून घेते आणि पेशीला आणखी चेतवणारे दुसरे ग्राहक वर येतात. मिडाझोलामसारखी औषधं गाबाच्याच ग्राहकांवर काम करतात. त्यामुळे पाचव्या मिनिटाला ज्या डोसने आकडी थांबली असती, तोच डोस अर्ध्या तासाने अपुरा पडतो. औषध तेच, मूल तेच. मेंदूने आपले ब्रेक मधल्या वेळात काढून ठेवलेले असतात!

हे वाचताना पालघर जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. बोईसर-तारापूरहून चिल्हार फाट्याला हायवे गाठायचा आणि मुंबईच्या मोठ्या बालरुग्णालयासाठी शंभरेक किलोमीटर कापायचे. जव्हार-मोखाड्याहून तर आधी घाट. त्याआधीची मोलाची मिनिटं कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात आणि दातांत चमचा घालण्यात जातात. त्याने आकडी थांबत नाही, दात मात्र तुटू शकतात.

न थांबणाऱ्या आकडीचा सर्वांत कोड्यात टाकणारा प्रकार म्हणजे 'फायर्स'. पूर्वी कधीही फिट न आलेलं, शाळेत जाणारं मूल. साधा ताप येतो, कधी उतरतोही आणि दोन आठवड्यांच्या आत झटके सुरू होतात. एकामागून एक औषधं हरतात. भूल देऊन मेंदू जवळजवळ निजवून ठेवावा लागतो, कधी कित्येक आठवडे. दहा लाख मुलांत साधारण एखाद्यालाच होणारा हा आजार. जंतू शोधायला जावं, तर बहुतेकदा सापडतच नाही.

जंतू सापडला तो दुसऱ्या, सुरुवातीला असाच दिसणाऱ्या आजारात, आणि तोही आपल्याच महाराष्ट्रात. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुऱ्यातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू मिळाला. २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली, १८३ दगावली. त्या साथीमागे हाच चांदीपुरा विषाणू असल्याचं पुढे आलं. तो सँडफ्लाय या बारीक माशीतून पसरतो. २०२४ च्या पावसाळ्यात तो तलासरीपलीकडच्या गुजरात राज्यात पुन्हा उसळला. ताप, झटके, बेशुद्धी. अनेकदा एक-दोन दिवसांत सगळा खेळ आटोपतो.

फायर्समध्ये संशय आहे तो शरीराच्याच दाहावर. दाह आवरणारं एक प्रथिन आपलं शरीर स्वतः बनवतं; फायर्स झालेल्या काही मुलांत ते नीट काम करत नसल्याचं दिसलं. त्याचीच औषधी आवृत्ती, अनाकिन्रा, मुळात संधिवातासाठी आली होती. आता ती या मुलांना देतात आणि काहींचे झटके कमी होतात. दुसरा उपाय आहाराचा: पिष्ट जवळजवळ बंद आणि नळीवाटे भरपूर स्निग्धांश. मेंदू साखरेऐवजी कीटोनवर चालू लागतो आणि भुलेच्या औषधांना न जुमानलेली आकडी काही मुलांत ओसरते. हा आहार आकडीवर १९२१ पासून वापरात आहे, तरी तो नेमका कसा काम करतो याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. यातून वाचलेल्या अनेक मुलांना पुढे अपस्मार राहतो, हेही खरंच.

म्हणून मुलाला झटका आला की आधी घड्याळ पाहा. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, पाच मिनिटं होताच १०८ ला फोन करा. आधी कधी लांबलेली आकडी आली असेल, तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवण्याबद्दल डॉक्टरांना आजच विचारा.