‘खरे नाव’ आणि नामसक्तीचा प्रश्न

विशेषनाम हे व्यक्तीकडे निर्देश करणारे नुसते चिन्ह होय, त्याला स्वतःचा असा गुणवाचक अर्थ नसतो, हे मत जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये मांडले. तर्कशास्त्रात ते कितीही सोयीचे असले, तरी व्यवहारातील भाषेला ते पुरतेपणी लागू पडत नाही. मराठी माणसाचे आडनाव कानी पडताच ऐकणारा त्यावरून गाव, जात आणि पिढीजात व्यवसाय यांचा अंदाज बांधू लागतो. म्हणून इंटरनेटवर प्रत्येकाने ‘खऱ्या नावानेच’ लिहावे असा दंडक घातला जातो, तेव्हा नावाबरोबर आणखी काय काय उघड करावयास सांगितले जात आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

दंडकामागील हेतू निंद्य नव्हे. निनावी माणूस बेजबाबदारपणे लिहितो, नाव द्यावे लागले की लेखणीला लगाम बसतो, असा हा तर्क आहे. तथापि प्रत्येकाचे खरे नाव एकच असते आणि ते कागदोपत्री सिद्ध करता येते, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः एकाच व्यक्तीला घरचे, शाळेच्या दाखल्यावरचे, लग्नानंतरचे आणि लेखनाचे अशी अनेक नावे असू शकतात. त्यांपैकी एकही खोटे नसते.

हे गृहीत किती ठिसूळ आहे, ते फेसबुकच्या अनुभवावरून दिसते. सप्टेंबर २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील अनेक ‘ड्रॅग’ कलावंतांची, म्हणजे स्त्रीवेषात रंगमंचावर वावरणाऱ्या कलावंतांची, खाती बंद करण्यात आली. ज्या नावांनी ते वर्षानुवर्षे ओळखले जात, ती नावे खरी नव्हेत, असा आक्षेप होता. १ ऑक्टोबर रोजी कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी क्रिस कॉक्स यांनी क्षमा मागितली. नित्य जीवनात वापरात असलेले नाव एवढेच अपेक्षित होते, कायद्याच्या कागदावरचे नव्हे, असा खुलासा त्यांनी केला. शिवाय शेकडो खात्यांविरुद्धच्या तक्रारी एकाच व्यक्तीने केल्या होत्या, हेही सांगितले. ही बाब फार बोलकी आहे. नियम सर्वांना सारखा असला, तरी तो जागा होतो तक्रारीने, आणि तक्रार होते ती ज्यांच्याविषयी आकस असतो त्यांच्याविरुद्ध. अमेरिकेतील मूलनिवासी जमातींच्या काही जणांना तर जन्मापासूनचे नावच सिद्ध करून द्यावे लागले. साध्या इंग्रजी शब्दांनी बनलेली त्यांची आडनावे बनावट वाटली होती. (‘वाघमारे’ किंवा ‘दहीभाते’ यांचे शब्दशः भाषांतर केले, तर ती तरी परक्याला खरी वाटतील काय?)

नाव कंपनीपाशी नोंदवावे, चारचौघांत टोपणनाव चालेल, असा मधला मार्ग पुष्कळदा सुचविला जातो. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये कायद्याने नेमके हेच केले. परिणाम असा झाला की, जुलै २०११ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या संचातून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. बेकायदा मजकूर लक्षणीय प्रमाणात घटल्याचे दिसत नाही, आणि लिहिणारे परदेशी संकेतस्थळांकडे वळले, असे नमूद करून तेथील घटना न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये तो कायदा एकमताने रद्द ठरविला.

भारतात प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तमिळनाडूत स्वाभिमान चळवळीच्या प्रभावाने जातिवाचक उपनामे मोठ्या प्रमाणावर गळून पडली. नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावण्याची रीत तेथे रूढ आहे. नाव आणि आडनाव असे दोन रकाने भरावयास सांगणारा अर्ज अशा माणसाला आडनाव कोठून तरी आणावयास लावतो. महाराष्ट्रात आडनाव सहसा टिकून आहे; त्यामुळे अत्याचाराविषयी लिहू पाहणाऱ्या दलित तरुणाला किंवा सासरच्या छळाविषयी लिहिणाऱ्या विवाहितेला नामसक्तीची किंमत वेगळी पडते. पहिल्याची जात सांगून होते. दुसरीच्या नावात तर ज्याच्याविरुद्ध ती लिहिते त्या पतीचेच नाव मध्यभागी असते. उच्चवर्णीय पुरुषाला तोच रकाना भरताना काही गमवावे लागत नाही.

माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनी मोठ्या समाजमाध्यमांवर ओळख पडताळणीची सोय ठेवण्याचे बंधन घातले. पडताळणी मात्र ऐच्छिक ठेवली, आणि ती करणाऱ्याच्या खात्यावर तशी दृश्य खूण असावी असे सांगितले. खूण नसलेल्याच्या साक्षीला वाचक किती वजन देतो, याचा विचार त्या नियमांत नाही.