‘हो’ किंवा ‘नाही’ : आधार प्रमाणीकरणाची कार्यपद्धती

स्वस्त धान्य दुकानातील ई-पॉस यंत्रावर शिधापत्रिकाधारक बोट टेकवतो आणि काही क्षणांत यंत्राचा निर्णय येतो. या क्षणांत नेमके काय घडते, हे विद्यार्थ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. आधारविषयीच्या उत्तरपत्रिकांत न्यायालयीन निकाल हमखास आढळतात, यंत्रणेचे आकलन मात्र क्वचितच.

एका संगणक प्रणालीने दुसरीकडे ठरावीक नमुन्यात विनंती करावी व ठरावीक नमुन्यातच उत्तर मिळवावे, यासाठीच्या नियमबद्ध दुव्यास ‘एपीआय’ म्हणतात. जानेवारी २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने असा दुवा अधिकृत संस्थांना उपलब्ध करून दिला. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला.

यंत्र बोटाचा ठसा घेऊन तो तेथल्या तेथे कूटबद्ध करते. विनंती करणारी संस्था त्यासोबत १२ अंकी आधार क्रमांक जोडते आणि डिजिटल स्वाक्षरीसह ही विनंती मध्यस्थ सेवासंस्थेमार्फत प्राधिकरणाच्या केंद्रीय माहिती भांडाराकडे पाठवते. ठशाऐवजी बुबुळ, चेहरा किंवा मोबाईलवर येणारा ओटीपीही चालतो. भांडारात ‘ही व्यक्ती कोण?’ असा शोध घेतला जात नाही. ‘ही व्यक्ती याच क्रमांकाची आहे काय?’ एवढेच तपासले जाते. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. नकारासोबत कारणदर्शक संकेतांक येतो. उदाहरणार्थ, ३०० म्हणजे बायोमेट्रिक माहिती जुळली नाही. नाव-पत्ता हवा असल्यास धारकाच्या संमतीने ई-केवायसी ही वेगळी विनंती करावी लागते.

धारकाच्या हातीही काही साधने आहेत. त्याला आपली बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद करता येते, प्रमाणीकरणाचा इतिहास पाहता येतो आणि २०१८ पासून मूळ क्रमांकाऐवजी १६ अंकी आभासी क्रमांक वापरता येतो.

येथवर तंत्रज्ञान झाले. अर्थशास्त्राचा प्रश्न यापुढे सुरू होतो. बायोमेट्रिक जुळणी ही संभाव्यतेवर आधारलेली असते. तीत दोन प्रकारच्या चुका संभवतात : तोतयाला स्वीकारणे आणि खऱ्या धारकाला नाकारणे. जुळणीचा निकष कडक केला की पहिली घटते, पण दुसरी वाढते. दगड फोडणाऱ्या मजुराचे किंवा वृद्धेचे ठसे झिजलेले असतात. त्यामुळे दुसऱ्या चुकीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्यांना धान्याची गरज सर्वाधिक, त्यांच्यावरच तो अधिक पडतो. शिवाय हिशेबात ही चूक दिसतही नाही. न उचललेले धान्य कागदावर बचत म्हणूनच उमटते आणि गळती थांबली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. माझ्या मते, अशा बचतीच्या आकड्यांसोबत नाकारलेल्या प्रमाणीकरणांचे प्रमाणही मागितलेच पाहिजे.

कायद्याने याचा काही अंशी विचार केला आहे. आधार अधिनियम, २०१६ च्या कलम ७ अन्वये शासकीय लाभासाठी प्रमाणीकरण आवश्यक करता येते. मात्र ज्यास क्रमांकच मिळालेला नाही, त्याला ओळखीचे पर्यायी साधन देणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात हे कलम वैध ठरविले, तर खासगी संस्थांना करारान्वये आधारच्या वापराची मुभा देणारा कलम ५७ मधील भाग रद्द केला. क्रमांक आहे, पण ठसा जुळत नाही किंवा नेटवर्कच नाही, अशा प्रसंगांसाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या सूचना निघाल्या : लाभ नाकारू नये, अन्य मार्गाने ओळख पटवून धान्य द्यावे आणि अशा व्यवहारांची वेगळी नोंद ठेवावी.