गोळी आणि तिचे मोजमाप

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हा शब्दप्रयोग दवाखान्यात आणि घरात इतका रुळला आहे की त्यातून होणारा गैरसमज सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या औषधांनी रक्ताचा दाटपणा बदलत नाही. रक्ताची गुठळी होण्याची जी साखळी शरीरात असते, तिची एखादी कडी ती सैल करतात, आणि कोणती कडी सैल होते यावर औषधाचा उपयोग व धोका ठरतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही औषधे प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म रक्तकणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत, म्हणून हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या रुग्णाला ती दिली जातात. वॉरफरिन आणि असिनोकुमारॉल ही दुसऱ्या गटातील औषधे रक्त साकळवणाऱ्या प्रथिनांवर काम करतात आणि जेथे रक्त संथ वाहते, साचते किंवा परक्या पृष्ठभागाला लागते, तेथे ती लागतात. त्यामुळे एका हृदयरुग्णाची गोळी दुसऱ्याला चालेल हा समज जिवावर बेतू शकतो.

भारतात या दुसऱ्या गटाचे महत्त्व विशेष आहे, कारण लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा आणि सांधे व हृदय या दोहोंना ग्रासणारा ऱ्हुमॅटिक ताप अनेकांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब करतो आणि विशी-तिशीतच झडप बदलण्याची वेळ आणतो. प्राण्यांच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला ही गोळी जन्मभर लागत नाही, परंतु ती झिजते, आणि तरुण वयात अधिक लवकर झिजते. उलट धातू व कार्बनची झडप, किंवा तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली आणि 1990 मध्ये प्रथम रुग्णाला बसवलेली भारतीय यांत्रिक झडप, दीर्घकाळ टिकते, पण तिच्यावर गुठळी बसू नये म्हणून रोजची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. झडप निवडणे म्हणजे एका अर्थी पुढच्या आयुष्याची दिनचर्या निवडणे असते, आणि ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला जितकी नीट सांगितली जावी तितकी अनेकदा सांगितली जात नाही.

वॉरफरिनचे मूळ अमेरिकेतील गुरांच्या एका रोगात आहे. 1920 च्या दशकात सडका गोड क्लोव्हर चारा खाल्लेली गुरे अंतर्गत रक्तस्रावाने मरू लागली. त्यामागचे द्रव्य कार्ल पॉल लिंक यांच्या विस्कॉन्सिन येथील प्रयोगशाळेने वेगळे केले आणि त्याच कुळातील वॉरफरिन 1948 मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले, तर पुढच्या दशकात ते माणसांचे औषध झाले. यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या साह्याने रक्त साकळवणारी काही प्रथिने बनवते, ते काम हे द्रव्य मंदावते. विष आणि औषध यांतील अंतर केवळ मात्रेचे आहे. ते अंतर मोजणारी चाचणी म्हणजे आयएनआर, अर्थात रुग्णाचे रक्त साकळण्यास लागणाऱ्या वेळेचे निरोगी माणसाच्या वेळेशी असलेले गुणोत्तर, आणि सोलापूरच्या व मुंबईच्या प्रयोगशाळेचा आकडा एकमेकांशी ताडता यावा अशा रीतीने ते प्रमाणित केलेले असते. निरोगी माणसात हा आकडा 1 च्या आसपास असतो. महाधमनीच्या यांत्रिक झडपेसाठी तो सामान्यतः 2 ते 3 आणि मायट्रल झडपेसाठी 2.5 ते 3.5 राखला जातो. तो खाली गेला तर झडप अडकण्याचा किंवा गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा, आणि 4–5 च्या वर गेला तर पोटात वा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढत जातो. गोळी आणि चाचणी हे एकच औषध आहे. चाचणीविना घेतलेली गोळी हे अर्धेच औषध. पण गावाकडच्या रुग्णाला त्या चाचणीची किंमत तालुक्यापर्यंतच्या प्रवासात आणि बुडालेल्या मजुरीतही मोजावी लागते.

हा आकडा ढळण्याची कारणे रोजच्या जगण्यातच असतात. पालक, मेथी, अळू यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते; त्या भाज्या वर्ज्य नाहीत, पण एरवी न खाता हिवाळ्यात अचानक रोज खाणे किंवा श्रावणातील उपवासांनी आहार एकाएकी बदलणे आकडा हलवते. जुलाबावरचे मेट्रोनिडाझोल तो वर चढवते, क्षयावरचे रिफाम्पिसिन खाली ओढते, आणि दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळी आकडा फारसा न हलवताही जठरातून रक्तस्राव घडवू शकते. काळी शौच, लघवीत रक्त किंवा डोक्याला मार ही तातडीने रुग्णालयात जाण्याची कारणे आहेत. उलट दात काढायचा म्हणून स्वतःहून गोळी बंद करणे तितकेच घातक ठरते.

डॅबिगाट्रान, रिव्हरॉक्सॅबान यांसारख्या नव्या औषधांना आयएनआर चाचणी लागत नाही आणि झडपेचा दोष नसताना हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांत ती चांगली ठरली आहेत. मात्र यांत्रिक झडपा असलेल्या रुग्णांवरील डॅबिगाट्रानचा अभ्यास गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावा लागला. ऱ्हुमॅटिक हृदयविकारात लय बिघडलेल्या 24 देशांतील साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या 2022 मधील अभ्यासात तर, अपेक्षेच्या उलट, जुन्या गटातील औषधांवर मृत्यू कमी आढळले.

यांत्रिक झडप असलेल्या तरुण स्त्रीपुढचा प्रश्न सर्वांत अवघड असतो. वॉरफरिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाच्या हाडांना इजा करू शकते. गुठळी रोखणाऱ्या हेपरिन या औषधाचे इंजेक्शन गर्भापर्यंत पोहोचत नाही, पण केवळ त्यावर राहिल्यास झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून कोणत्या महिन्यात कोणते औषध, हा निर्णय दिवस राहण्यापूर्वीच हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी तिच्यासह बसून करावा लागतो, आणि प्रसूती जवळ आली की पुन्हा हेपरिनकडे वळावे लागते. बाळंतपणानंतर वॉरफरिन पुन्हा सुरू करता येते, आणि ते दुधात जवळजवळ उतरत नसल्याने बाळाला अंगावर पाजण्यास आडकाठी नसते.