एकटीची वाट : गोष्टीत आणि गावात

मुलगा मोठा कसा होतो, हे जुन्या गोष्टींत कसं सांगितलेलं असतं ते आठवून पाहा. तो रुसतो, एकटाच घर सोडतो, परक्या मुलखात चार ठेचा खातो आणि शहाणा होऊन परत येतो. अशीच एक फार जुनी गोष्ट आपल्या वाशीमला येऊन पोचते. आज आम्ही तीच सांगणार आहोत.

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी. सुमारे १,१०० वर्षांपूर्वी राजशेखर या कवीने संस्कृतात ‘काव्यमीमांसा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष याची कथा आहे. आई ब्रह्मदेवाच्या सभेला निघते, मुलगा मागे लागतो, आई त्याला परत पाठवते. तो रागाने निघून जातो. मग पार्वती साहित्यविद्या नावाची मुलगी निर्माण करते आणि तिला सांगते, जा, त्याला वळवून आण.

पुढे तो आणि त्याच्या मागे ती, असे दोघं देशोदेशी फिरतात. जिथे जाईल तिथे तिचा वेश वेगळा, आणि तिथल्या बायका तो उचलतात. त्याचं बोलणंही बदलत जातं. पूर्वेकडे त्याची भाषा लांबलचक शब्दांनी जड असते. विदर्भात येईपर्यंत ती सुटसुटीत होते. वत्सगुल्मात दोघांचं लग्न लागतं आणि ती घरी परततात. रुसलेल्या पोराचं शहाणपण त्याच्या बोलण्यातून दिसतं, ते असं.

पण साहित्यविद्येचं काय? तीही तेवढीच वाट चालली. वाटेत तिला काय वाटलं, ती काय शिकली, हे कथा सांगत नाही. ती निघाली तीच दुसऱ्याला आणायला. गंमत म्हणजे याच ग्रंथात राजशेखर लिहितो की पुरुषांसारख्या बायकाही कवी होऊ शकतात, बुद्धी बाई-पुरुष पाहत नाही. आपली बायको अवंतिसुंदरी हिची मतंही तो तिच्या नावानिशी देतो.

आता बाईच्या स्वतःच्या प्रवासाची गोष्ट पाहू. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. वय १८. बोटीवर मिशनरी बायकांची सोबत होती, पण घरचं कोणीच नव्हतं. नवरा इथेच राहिला होता. त्या कोणाला आणायला नाही, स्वतः शिकायला निघाल्या होत्या. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढे काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं. एका बाईची वाट दुसऱ्या बाईने लिहून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

आपल्याकडे बाईचा प्रवास म्हणजे बहुतेक वेळा सासर ते माहेर, तोही भाऊ न्यायला आला तर. आज मुलगी दहावी होते आणि पुढचं कॉलेज रिसोडला, मंगरूळपीरला किंवा कारंज्याला असतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तरी ‘सोबत कोणी नाही’ एवढ्यावरून एखादीचं शिक्षण थांबतं. भीती खोटी नसते. शेवटची गाडी चुकते, फाट्यावर दिवा नसतो. पण त्यावर उपाय मुलीला घरी बसवणं नाही. एका रस्त्याच्या मुलींनी मिळून एकाच गाडीने जावं, गटाने गाडीच्या वेळेसाठी आगारात अर्ज द्यावा, फाट्यावरच्या दिव्यासाठी ग्रामसभेत बोलावं.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. प्रत्येकीने आपण पहिल्यांदा एकट्या कुठे गेलो, ते सांगायचं. बँकेत, दवाखान्यात, तहसीलमध्ये, कुठेही. गटातल्या लिहित्या मुलीने ते वहीत उतरवायचं. साहित्यविद्येला वाटेत काय वाटलं, ते कोणी विचारलं नाही. आपण एकमेकींना विचारू.